सेनापतीचं चरित्र लिहायचं तर आधी वही आखा

नवरात्र पंधरा दिवसांवर आलं की माझा फोन वाजायला लागतो. कधी भाचा असतो, कधी तरुण मंडळाचा कुणी पोरगा, कधी शाळेतल्या बाई. मागणी ठरलेली. "आत्या, संताजी घोरपड्यांवर अर्ध्या तासाचं लिहून द्या. जरा अंगावर काटा यायला पाहिजे."

काटा आणायचं काम माझ्याच्यानं होत नाही. मी अठ्ठावीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत जमिनीची जुनी दप्तरं सांभाळली. इनामाचा जुना कागद निघाला की तो हमखास मोडीत असायचा. तो वाचणारे एकटे म्हातारे कारकून निवृत्त झाले, कुणाला तरी शिकणं भाग होतं, म्हणून मी शिकले. संताजींच्या मागे लागले ते त्यानंतर. आमच्याकडून सेनापती कापशी फार लांब नाही. त्या गावाचं नाव काढलं की लोकांना कापशी चप्पल आठवते, नावातला सेनापती कुणालाच आठवत नाही, याचा मला राग यायचा.

भाषण लिहून देणं मी आता बंद केलंय. कसं लिहायचं ते मात्र सांगते. उदाहरण संताजींचं आहे, पण हीच रीत हंबीरराव मोहिते, धनाजी जाधव किंवा खंडेराव दाभाडे, कुणालाही लावता येईल.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. वीसेक वर्षांपूर्वी एका गावच्या व्याख्यानमालेत मी उभी राहिले आणि थेट तुळापूरच्या छावणीतच शिरले. औरंगजेबाच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून आणले, साल १६८९, सेनापती संताजी असे आले आणि तसे गेले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत फेटा बांधलेले एक आजोबा होते. सगळं संपल्यावर ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, त्या साली सेनापती कोण हो?"

मला उत्तर येईना. संताजींकडे ते पद आलं १६९१ च्या सुमारास. १६८९ मध्ये ते एक सरदार होते, नुकताच बाप गमावलेले. मी त्यांना दोन वर्षं आधीच बढती देऊन बसले होते. कचेरीत कुणाच्या सेवापुस्तकात अशी नोंद केली असती तर दुसऱ्या दिवशी टेबलावर नोटीस आली असती.

परतीच्या एसटीत ठरवलं की यापुढे लढाईपासून सुरुवात करायची नाही. सेनापती हा दरबारचा चाकर असतो. त्याला नेमणारा कुणी असतो, पगार देणारा कुणी असतो, आणि पद काढून घेणाराही कुणी असतो. तेव्हा त्याचं सेवापुस्तक लिहायचं, भाषण त्यातूनच निघतं.

वही कशी आखायची

दोनशे पानी लांब वही घ्या. आडवी धरून सहा रकाने पाडा. पहिल्यात कागदात आहे तशी तारीख, दुसऱ्यात तिची इसवी, तिसऱ्यात ठिकाण, चौथ्यात हे सांगतो कोण. पाचव्यात दरबाराने त्याला काय दिलं आणि सहाव्यात दरबाराने त्याच्याकडून काय मागितलं. लढाई कशी झाली याला रकाना नाही. ती डाव्या कोऱ्या पानावर लिहायची, हवी तेवढी.

नवशिके पहिले चार रकाने मन लावून भरतात आणि शेवटचे दोन मोकळे सोडतात. खरं चरित्र त्याच दोनात असतं.

माणसाची पहिली ओळ लिहिण्याआधी त्याच्या पदाचं एक पान लिहा. १६७४ च्या राज्याभिषेकात फारसी नावं जाऊन संस्कृत आली, सरनौबताचा सेनापती झाला, तो अष्टप्रधानांत बसला. त्याच्या हाताखालची उतरंड कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या शिवचरित्राच्या बखरीत नीट लिहून ठेवली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, आणि सगळ्यांवर सरनौबत. जुमलेदाराला पाचशे होन, म्हणजे सोन्याची नाणी, हजारीला हजार, पंचहजारीला दोन हजार. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. मला या सगळ्यात पखालजी आणि नालबंद आवडतात. पाणी आणि नाल यांचा हिशेब ज्या फौजेत कागदावर असतो, ती फौज पावसाळा संपला की दसऱ्याला खरोखर बाहेर पडते.

बारगीर आणि शिलेदार यांतला फरक याच पानावर लिहून टाका. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. भाषणात हे दोन शब्द सरमिसळ वापरणाऱ्याला पहिल्या रांगेतले आजोबा सोडत नाहीत.

आणि आता सभासदाबद्दलचीच एक गोष्ट. हे सगळं त्याने लिहिलं ते राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, तमिळ मुलखातल्या जिंजी किल्ल्यात. रोख पगार, सरकारी घोडे, लुटीच्या चिजा मोजून सरकारजमा, हे शिवाजी महाराजांच्या वेळचं चित्र तो अशा दरबारात बसून लिहीत होता, जिथे खजिना रिकामा होता आणि किल्ल्याला वेढा होता. हे मला समजलं तेव्हा मी वही मिटून चहा करायला उठले. राजाराम महाराज आणि संताजी यांच्यातल्या निम्म्या भांडणाचं कारण तिथेच होतं.

तारखांचा ताळा

इथे घाई करू नका. माझ्याकडे येणारी शंभर टिपणं असतील तर निम्म्याहून जास्त इथेच पडतात.

शक असेल तर त्यात ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या, म्हणजे जानेवारी उलटल्यानंतरच्या तिथीला ७९ मिळवायचे. संभाजी महाराजांची हत्या फाल्गुन अमावास्येची, शके १६१०. अठ्ठ्याहत्तर मिळवलेत तर १६८८ येईल आणि तुमचं सगळं पुस्तक एक वर्ष मागे सरकेल. एकोणऐंशी मिळवले की १६८९, ११ मार्च.

दुसरा ताळा संवत्सराचा. जुन्या नोंदीत शकाशेजारी संवत्सराचं नाव असतं आणि ते शोभेला नसतं. साठ नावं ठरलेल्या क्रमाने फिरतात. राज्याभिषेकाचा शके १५९६ हा आनंद संवत्सर, ही एक खुंटी पक्की धरा आणि तिथून मोजत जा. शके १६१० येतो विभव, शके १६१९ येतो ईश्वर. आकडा आणि नाव जुळत नसेल तर कुठेतरी नकलनविसाची चूक आहे, किंवा कागदच नंतरचा आहे. कचेरीत एकदा एक गृहस्थ बापजाद्यांची सनद म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले होते. शक एक सांगत होता, संवत्सर भलतंच. मी काही न बोलता दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून दिले. ते पुन्हा आले नाहीत.

तिसरा सुहूर सन, ज्याला अरबी सनही म्हणतात. हा अंकात नसतो, शब्दांत असतो, आणि उलटा वाचायचा: आधी एकं, मग दहं, मग हजार. "सबा तिसैन अलफ" म्हणजे सात, नव्वद, हजार, म्हणजे १०९७. त्यात ५९९ मिळवा. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेला ६००. आपला १०९७ हा १६९६ च्या मृगापासून १६९७ च्या मृगापर्यंत चालतो, संताजींचं जवळपास शेवटचं वर्ष. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे नऊ शब्द वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. मोडी पत्रात तारखेआधी "छ" दिसला तर तो चंद्र, म्हणजे पुढचा महिना मुसलमानी आहे: छ ५ रमजान असा. पुष्कळ जण तो छ कुणाच्या तरी नावाचा समजून वाचतात.

चौथा ताळा लोक विसरतातच. जिंजीच्या वेढ्याच्या बातम्या मद्रासचे इंग्रज लिहीत होते आणि पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर मार्तँही लिहीत होता. इंग्रजांचं पंचांग जुनं, फ्रेंचांचं सुधारलेलं. त्या शतकात दोघांत दहा दिवसांचं अंतर. एकच घटना दोन वेगळ्या तारखांना झाल्यासारखी दिसते आणि हौशी माणूस तिच्या दोन लढाया करतो. अंतर बरोबर दहा दिवसांचं आढळलं की आधी पंचांगाचा संशय घ्या. आपल्या पुस्तकांतल्या ६ जून १६७४, ११ मार्च १६८९ या तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत, हेही वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवा.

सांगणारा कुठे बसला होता

चौथ्या रकान्यात नुसतं नाव लिहून भागत नाही. तो माणूस तेव्हा कुठे होता, कुणाचं मीठ खात होता आणि किती वर्षांनी लिहितोय, हे तीन शब्दांत टिपा.

जेधे शकावली घ्या. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची नोंदवही, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली छापून आणलेली. कोरडी ठणठणीत. तिथी, माणूस, काय झालं, बस. माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात प्रामाणिक कागद तोच, कारण त्याला कुणाला खूश करायचं नाही.

भीमसेन सक्सेना हा मोगलांच्या बाजूचा, दलपतराव बुंदेल्याच्या पदरचा कारकून. जिंजीच्या वेढ्यात तो जवळपास होता. माझ्या जातकुळीचा माणूस, म्हणजे कारकुनाच्या. रसद, पाऊस, धान्याचे हाल त्याला दिसतात. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार बऱ्याच वर्षांनी लिहितो आणि गोष्ट रंगवतो, पण शत्रू असून संताजींबद्दल जे कबूल करतो ते मोलाचं आहे: ज्याची त्याच्याशी गाठ पडली तो मेला, नाहीतर कैद झाला, नाहीतर फौज गमावून कसाबसा सुटला. तोच खाफीखान हेही सांगतो की संताजींची शिस्त फार कडक, लहानशा गुन्ह्याला माणूस हत्तीच्या पायी. पहिलं वाक्य सगळे उचलतात, दुसरं गाळतात. तसं करू नका. दुसऱ्या वाक्याची पुढे गरज पडते.

आणि तुळापूरचे कळस? ती हकीगत येते ती मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतून, घटनेनंतर शंभरावर वर्षांनी लिहिलेल्या. त्यात बक्षिसंही सांगितली आहेत: संताजींच्या भावांपैकी बहिर्जींना हिंदुराव, मालोजींना अमीर-उल-उमराव, संताजींना ममलकतमदार, विठोजी चव्हाणांना हिंमतबहादूर. ही नावं घराण्यांनी पुढे खरोखर लावली. म्हणून मी ही गोष्ट टाकून देत नाही, पण "बखरीत असं आहे" एवढं म्हणूनच सांगते. मोगलांची घोडी पाणी प्यायला बिचकली की त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसतात, ही गोष्ट पोरांना जरूर सांगा, मात्र तिला तारीख चिकटवू नका.

वही भरून दाखवते

फेब्रुवारी १६८९, संगमेश्वर. मोगल सरदार मुकर्रबखान अचानक येतो, संभाजी महाराज पकडले जातात, आणि त्यांना वाचवताना म्हाळोजी घोरपडे पडतात. पाचव्या रकान्यात काही नाही. सहाव्यात: बाप.

एप्रिल १६८९. राजाराम महाराज रायगड सोडतात. वर्षअखेरीस दरबार जिंजीला, आजच्या रस्त्याने कोल्हापूरपासून साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. नोव्हेंबरात रायगड पडतो. इथे थांबून वहीत एक रेघ ओढा, कारण इथून दरबार दोन झाले. राजा जिंजीला, तर महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण. सेनापतीला हुकूम दोन तोंडांनी येणार, आणि पैसा एकाही हाताने येणार नाही.

मे १६९०, साताऱ्याजवळ. सर्जाखान, म्हणजेच रुस्तुमखान, कुटुंबकबिल्यासह कैद. मोगलांच्या इतक्या मोठ्या सरदाराची संभाजी महाराजांनंतर झालेली ही पहिली धूळधाण. यानंतर संताजींना सेनापतिपद.

पाचवा रकाना भरायला इथे एक कागद फार उपयोगी पडतो. १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपड्यांना सहा लाख होनांचा सरंजाम, म्हणजे फौजेच्या खर्चाची नेमणूक, लिहून दिला, पण हप्त्यांनी. रायगड घेतल्यावर एक हप्ता, विजापूर घेतल्यावर दुसरा, मग भागानगर म्हणजे हैदराबाद, मग औरंगाबाद, आणि उरलेली रक्कम दिल्ली घेतल्यावर. भाषणात लोक याला दिल्लीचं स्वप्न म्हणतात. स्वप्न आहेच. पण कारकुनाच्या डोळ्याने पाहा: हातात एक होन नसलेलं सरकार, अजून न जिंकलेल्या मुलखातून पगार देण्याचं वचन देतंय. सरदाराने फौज स्वतः उभी करायची, स्वतः पोसायची आणि मुलूख सोडवून त्यातून वसूल करायची. अशी फौज मग कुणाची?

डिसेंबर १६९२. संताजी जिंजीकडे उतरतात, कांचीच्या फौजदाराला, अलीमर्दानखानाला, पकडतात. तिकडे धनाजी इस्माईलखान मकाला पकडतात. वेढा घालून बसलेल्या मोगल सेनानी जुल्फिकारखानाला वेढा उठवून वांदिवाशला मागे सरावं लागतं. दोघा सेनानींची जोडी म्हणतात ती हीच. आणि पुढल्याच ओळीत, १६९३: संताजी आणि राजाराम महाराज यांचं बिनसलं, पद धनाजींकडे. मग समेट, पद परत. तुमच्या वहीत विजयाच्या ओळीखाली लगेच ही ओळ यायला हवी. मध्ये फुलांची वेलबुट्टी काढू नका.

नोव्हेंबर १६९५, दोड्डेरी. हे गाव आज कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात आहे. इथे डावं पान पोटभर लिहा, कारण ही लढाई समजावून सांगण्यासारखी आहे. शिऱ्याचा फौजदार कासीमखान, त्याच्या मदतीला बादशहाने पाठवलेला खानाजादखान. पाहुण्याची सरबराई करायची म्हणून कासीमखानाने आपले उंची तंबू, भांडीकुंडी, सगळा पेशखाना काही कोस पुढे पाठवला. संताजींनी फौजेचे तीन भाग केले. एकाने पहाटे तो पेशखाना लुटला. बातमी ऐकून कासीमखान धावत निघाला, तर वाटेत दुसरा भाग लढायला उभा. आणि ही दोघं झुंजत असताना तिसऱ्याने मागे राहिलेली त्यांची मूळ छावणी गाठली. तंबू पुढे गेलेले, छावणी मागे लुटलेली, खान मध्ये. दोड्डेरीच्या गढीत अडकले, दाणावैरण संपली. कासीमखानाला अफूचं व्यसन, अफू मिळेना, तो तिथेच मेला. विष घेतलं असंही कुणी लिहितं. चौथ्या रकान्यात दोन्ही लिहा. उरलेल्यांनी खंडणी कबूल केली. तिचा आकडा सगळीकडे एक नाही, म्हणून मी भाषणात तो बोलत नाही.

जानेवारी १६९६, बसवापट्टण. हिंमतखान गोळी लागून पडतो. दोन महिन्यांत बादशहाच्या दोन फौजा संपल्या.

आणि इथून माझ्या वहीत फक्त चार ओळी आहेत. त्याच वर्षी जिंजीकडे आयेवारकुट्टीला संताजी आणि धनाजी एकमेकांवर चालून गेले, राजाराम महाराज धनाजींच्या बाजूला. संताजी जिंकले. धनाजींकडचा अमृतराव निंबाळकर सापडला, त्याला हत्तीच्या पायी दिलं. दुसऱ्या दिवशी संताजी हात बांधून महाराजांसमोर उभे राहिले, असं मोगली लेखनात येतं.

जिंकलेला सेनापती हात बांधून उभा राहतो, हे दृश्य लिहिताना हात आवरा. त्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं ते कोणत्याही कागदात नाही, तेव्हा त्यांच्या तोंडी वाक्य घालू नका. त्याऐवजी पाचवा आणि सहावा रकाना मागे उलटत जा. राजाने दिलेलं: पद, एकदा काढून परत दिलेलं, आणि कागदावरची वचनं. राजाने मागितलेलं: सात वर्षं सतत घोड्यावर, साताऱ्यापासून कांचीपर्यंत. दुसऱ्या बाजूने राजाचीही वही भरा. किल्ल्याला मोगलांचा वेढा, खजिना नाही, आणि आपला सेनापती न विचारता माणसं मारतो. माझा स्वतःचा कौल विचाराल तर दोघांचाही हिशेब खरा होता, आणि तो जुळवणारा, जिंजीच्या दरबारातल्या प्रल्हाद निराजींसारखा मुत्सद्दी तेव्हा हयात नव्हता.

पुढे १६९७. धनाजी महाराष्ट्रात आले, पुन्हा गाठ पडली, आणि या वेळी संताजींचेच लोक त्यांना सोडून गेले. खाफीखानाचं ते गाळलेलं दुसरं वाक्य इथे जोडा. त्याच वर्षी जूनमध्ये, आषाढ, शके १६१९, ईश्वर संवत्सर, शंभुमहादेवाच्या डोंगरात म्हसवडच्या नागोजी मान्यांनी त्यांना गाठून मारलं. ओढ्यावर अंघोळ करत असताना, अशी हकीगत आहे. अमृतराव निंबाळकर हा नागोजींच्या बायकोचा सख्खा भाऊ. शीर बादशहाकडे गेलं, भीमेकाठच्या ब्रह्मपुरीच्या छावणीत.

नागोजींचं नाव घेताना एक काळजी घ्या. "गद्दार" हा शब्द माइकवर सोपा पडतो. त्यांनी मोगलांकडून मराठ्यांकडे आणि परत अशा उड्या मारल्या हे खरं, पण त्या वीस वर्षांत अशा उड्या न मारलेला देशमुख शोधायला तुम्हाला दिवा लावावा लागेल. समोर श्रोत्यांत एखादे माने बसलेले असतातच. भाऊ हत्तीच्या पायी गेलेली एक बाई त्या घरात होती, एवढं सांगा. लोक समजतात.

कुठे जायचं

कागद बघायचे असतील तर पुण्याचं पुराभिलेखागार, कोल्हापूरचं पुराभिलेखागार, आणि राजवाड्यांनी १९१० मध्ये उभं केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. मोडीचे वर्ग अधूनमधून निघतात, नाव घाला. मोडीत आधी आडवी रेघ पूर्ण ओढून मग तिला अक्षरं टांगतात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. पहिले दोन महिने डोकं दुखेल. मग अचानक एके दिवशी "राजश्री" दिसायला लागतं.

जागांपैकी संगमेश्वरचा कसबा, म्हसवड, ब्रह्मपुरी एका दिवाळीच्या सुट्टीत होतात. जिंजी मात्र सवड काढूनच बघा. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी अशा तीन टेकड्या आणि त्यांना बांधणारी तटबंदी पाहिली की वेढा जवळपास आठ वर्षं का चालला ते पायांना कळतं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत ती आहे, त्यामुळे आता गर्दी असते. सकाळी लवकर चढा, दगड तापतात.

कापशीला जायला मात्र विसरू नका. चिकोत्रा नदीच्या काठचं गाव. कापशीकर घोरपड्यांकडे पुढे कोल्हापूर दरबाराचं सेनापतिपद वंशपरंपरेने राहिलं, म्हणून गावाच्या नावात सेनापती. तिथे उभं राहून एक मुलगा आठवा. कोकणातल्या म्हापणचा, बापाविना, आईबरोबर आलेला नारो महादेव जोशी. संताजींनी त्याला घरी वाढवलं, आणि त्याने त्यांचंच आडनाव लावलं. इचलकरंजीचे ब्राह्मण घोरपडे ते हे. लहान गुन्ह्याला हत्तीच्या पायी देणारा आणि परक्या पोराला आडनाव देणारा हा एकच माणूस. माझ्या वहीत नारो महादेव सहाव्या रकान्यात बसत नाही, पाचव्यातही नाही. त्याच्यासाठी मी समासात लिहिलंय.

बोलायला उभं राहताना

वही पुरी झाली की भाषण एका बैठकीत होतं. अर्ध्या तासाला पाच ओळी निवडा: संगमेश्वर, १६९१ चा कागद, दोड्डेरी, आयेवारकुट्टी, शंभुमहादेव. बाकीच्या राहू द्या. दोड्डेरीला दहा मिनिटं खर्च करा, फळ्यावर तीन गोल काढून. "म्हणतात", "बखरीत आहे", "मोगलांचा कारकून लिहितो" हे शब्द गाळू नका. वाक्य लांबतं खरं, पण पहिल्या रांगेतला आजोबा मान हलवतो.

आणि वही बरोबर ठेवा, टेबलावर, उघडी. गेल्या वर्षी भाचा बोलला तेव्हा शेवटी एकाने विचारलंच, "संताजींचा जन्म कधीचा?" पोरगं गडबडलं नाही. वही उलटून पहिला रकाना त्याला दाखवला. तिथे रेघ आखलेली होती आणि जागा कोरी होती.